इसार देण्याआधीचे हजार रुपये

नाशिकमध्ये जुनं घर घेऊन, नीट करून विकणाऱ्यांची संख्या वाढते आहे. गंगापूर रोड, इंदिरानगर, जेल रोड, सिडको या भागांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे फ्लॅट आणि रो-हाउस भरपूर आहेत. मालक म्हातारे झालेले, मुलं पुण्याला किंवा परदेशात. फरशी, नळजोडणी, वायरिंग, ओटा बदलला आणि रंग दिला की घर उठून दिसतं. अशा व्यवहाराचा अंदाज मांडताना लोक ग्रॅनाइटचा भाव चार दुकानांत विचारतात, मिस्त्रीशी तासभर घासाघीस करतात. घराचे कागद मात्र ‘सगळं क्लिअर आहे’ या दलालाच्या एका वाक्यावर सोडून देतात.

स्वतः राहण्यासाठी घर घेणाऱ्याला कागदातली एखादी उणीव वीस वर्षंही जाणवणार नाही. तुम्हाला ती सहा महिन्यांत जाणवेल. तुमच्याकडून घर घेणारा बहुधा गृहकर्ज काढणार, आणि त्या बँकेचा पॅनेलवरचा वकील तुमची फाईल पहिल्या पानापासून वाचणार. म्हणून कागद तपासायचे ते आपल्या समाधानापुरते नाहीत, त्या अनोळखी वकिलाच्या नजरेने तपासायचे. तो जे मागणार आहे ते आजच्या विक्रेत्याकडून आज मागा. उद्या मागायला तो कदाचित नाशिकमध्येच नसेल.

आधी हिशेब. घर ४० लाखांना ठरलं असं धरू. नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. दलाली १ टक्का धरली तर ४० हजार. घर हाती येईपर्यंत ४३ लाख १० हजार गेले. कामाला ६ लाख धरा. ३० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी काढलं, तर महिन्याचं व्याज साडेबावीस हजार आणि आठ महिन्यांचं १ लाख ८० हजार. एकूण ५० लाख ९० हजार. घर ५४ लाखांना विकलं आणि विकतानाही १ टक्का दलाली दिली, तर हातात उरतात साधारण २ लाख ५६ हजार, तेही प्राप्तिकराआधी. आता पुढच्या बँकेच्या वकिलाने एखाद्या वारसाचं हक्कसोडपत्र, म्हणजे हिस्सा सोडल्याचा दस्त, मागितलं आणि ते मिळवण्यात सहा महिने गेले असं समजा. व्याजाचे आणखी १ लाख ३५ हजार गेले, निम्म्याहून जास्त नफा संपला. या काळातली घरपट्टी, देखभाल खर्च आणि वीजबिल मी धरलेलंच नाही.

याच्या शेजारी तपासणीचा सरकारी खर्च ठेवून पाहा. डिजिटल स्वाक्षरीची मिळकत पत्रिका महापालिका हद्दीत १३५ रुपये. सातबारा १५ रुपये. नोंदणी कार्यालयातला शोध वर्षाला २५ रुपये, तीस वर्षांचे ७५०. गहाणाच्या केंद्रीय नोंदवहीतला, म्हणजे सरसाईतला शोध १० रुपये आणि त्यावर जीएसटी. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये, नकलेला पानामागे २ रुपये. सगळं मिळून हजाराच्या आसपास. वकिलाची फी वेगळी आणि ती ठरलेली नसते, कागद किती जुने आणि किती गुंतलेले त्यावर बदलते. वरच्या उदाहरणातल्या घरासाठी दहा-पंधरा हजार बाजूला काढून ठेवले तर ते व्यवहाराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहेत. वकील मात्र तुमचा हवा. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नको.

कोणता उतारा खरा

महाभूमी या राज्याच्या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावरून उतारा काढायला बसलात की पहिली अडचण गावाच्या नावाची येते. पत्त्यावर कॉलनीचं नाव असतं, दप्तरात मौजे असतं. जेल रोडची मिळकत पंचक किंवा दसक शिवारात सापडेल, सिडकोच्या आसपासची मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे किंवा अंबडमध्ये. विक्रेत्याच्या खरेदीखतातल्या मिळकतीच्या वर्णनावरून मौजे, सर्व्हे किंवा गट नंबर, प्लॉट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर उतरवून घ्या. हे चार तपशील जुळल्याशिवाय पुढचा कुठलाच शोध खरा नाही.

शहरात बऱ्याच ठिकाणी एकाच जमिनीचा सातबाराही चालू आणि मिळकत पत्रिकाही चालू, असं वर्षानुवर्षं राहिलं होतं. त्यातून एक उतारा दाखवून एकाला आणि दुसरा दाखवून दुसऱ्याला विकण्याचे प्रकार झाले. नगर भूमापन झालेल्या भागातला सातबारा बंद करण्याचं राज्याने २०२१ मध्ये हाती घेतलं ते त्यामुळेच. तरीही तुम्ही दोन्ही काढा. सातबारा बंद झाल्याचा शेरा असला तर उत्तम. नसला तर दोन्हींवरची नावं, क्षेत्र आणि बोजा शब्दाशब्दाने जुळवा.

मिळकत पत्रिकेवर सगळ्यांचं लक्ष नावाकडे जातं. त्याआधी ‘सत्ताप्रकार’ हा रकाना वाचा. तिथे ‘ब’ असेल तर जमिनीवर शासनाच्या अटी असू शकतात. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा हा विषय येतोच. देवस्थान इनामाची जमीन असेल तर, माझ्या मते, या व्यवसायापुरता तो विषय तिथेच संपवावा. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या परिसरात अशा जमिनी आहेत. त्यांतून वाट काढणं वर्षानुवर्षांचं काम आहे, आठ महिन्यांचं नाही.

उतारा हा मालकीचा पुरावा नसतो, ती महसुलाची नोंद असते. हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. मालकी ठरते नोंदणी झालेल्या दस्तांच्या साखळीवरून. ती साखळी पाहायची जागा म्हणजे सूची क्रमांक २, सगळे जिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर २००२ नंतरच्या नोंदी घरबसल्या आणि फुकट शोधता येतात. त्याआधीचे खंड दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात पाहावे लागतात. नाशिक शहरात अशी कार्यालयं एकाहून जास्त आहेत आणि दस्त त्यांपैकी कुठेही नोंदलेला असू शकतो. त्यामुळे वकिलाच्या शोध अहवालात कोणत्या कार्यालयांत, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शोध घेतला आणि शुल्काची पावती कुठली, हे लिहिलेलं हवं. फाटलेल्या किंवा उपलब्ध नसलेल्या खंडांचा उल्लेखही हवा. ‘शोध घेतला, बोजा नाही’ एवढ्या दोन ओळींचा अहवाल स्वीकारू नका.

कर्जाचा बोजा तीन ठिकाणी दिसू शकतो: उताऱ्याच्या इतर हक्कांत, सूची २ मध्ये आणि सरसाईवर. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ महाराष्ट्रात २०१३ पासून नोंदणी कार्यालयात दाखल करावी लागते. त्यामुळे ती शोधात सापडते. त्याआधीची जुनी गहाणं सापडतीलच असं नाही. म्हणून विक्रेत्याला मूळ खरेदीखत समोर ठेवायला सांगा. झेरॉक्सवर बोलणी पुढे नेऊ नका. मूळ कागद हरवलाय असं उत्तर आलं, तर पोलिसांकडची तक्रार, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि दस्ताची प्रमाणित नक्कल, तिन्ही मागा. विक्रेत्याच्या आणि आधीच्या मालकांच्या नावाने ई-कोर्ट्सवर दावे शोधायला काही पैसे लागत नाहीत. मराठी नावांची इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे टाकून पाहा.

बहिणींच्या सह्या

सगळ्यांत जास्त घरं अडकतात ती वारसांपाशी. वडील गेले, घर आईच्या आणि दोन भावांच्या नावावर झालं, बहिणींची नोंद झालीच नाही, किंवा झाली आणि मग एका साध्या कागदावर ‘माझा हक्क नाही’ असं लिहून घेतलं. असा कागद पुढच्या बँकेत चालत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती १९९४ मध्येच आली, केंद्राची २००५ मध्ये. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तेव्हा ‘बहिणींची लग्नं झाली, त्या काही मागत नाहीत’ हे वाक्य कितीही प्रामाणिक असलं तरी त्याची कागदात किंमत शून्य आहे.

यात केवळ तुमच्या पैशाचा प्रश्न नाही. त्या बाईचा घरात खरोखर हिस्सा आहे. तिला विचारलं गेलं पाहिजे, आणि तिने सोडला तर समजून-उमजून सोडला पाहिजे. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र घ्या, मृत्यूचे दाखले घ्या, आणि दस्तावर सगळ्या बहिणींना विक्रेत्या म्हणून किंवा मान्यता देणाऱ्या म्हणून सही करायला बोलवा. एक बहीण येत नसेल तर का येत नाही, हे तिच्याच तोंडून ऐका. भावाकडून नको.

विक्रेता परदेशात असेल तर मुखत्यारपत्र येतं. तिकडे केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. ज्याने ते दिलं तो हयात नसेल तर सामान्यतः त्यासोबत मुखत्यारपत्रही संपतं, म्हणून सहीच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोलून घ्या. आणि फक्त मुखत्यारपत्रावर ‘विकत घेतलेलं’ घर कुणी विकायला आणलं तर ती खरेदी नव्हेच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात ते संपवलं आहे.

कपाटाची गोष्ट

नाशिकच्या खरेदीदाराला इतर शहरांपेक्षा एक प्रश्न जास्त विचारावा लागतो: इमारतीचं कम्प्लिशन झालंय का, म्हणजे भोगवटा दाखला मिळालाय का? बांधकाम नियमांत कपाटासाठी सोडलेली जागा चटईक्षेत्रात धरली जात नव्हती. अनेक बिल्डरांनी ती खोलीत मिळवून टाकली. २०१५ च्या सुमारास महापालिकेने अशा इमारतींचे भोगवटा दाखले अडवले आणि ‘कपाट प्रकरण’ हा शब्द नाशिककरांच्या तोंडी बसला. पुढे रस्ते नऊ मीटर करण्यासाठी जागा सोडून वाढीव चटईक्षेत्र मिळवणं आणि नियमितीकरण अशा वाटा निघाल्या. काही इमारती सुटल्या, काही तशाच राहिल्या. त्यांतल्या फ्लॅटमध्ये लोक राहतात, घरपट्टी भरतात, सगळं सुरळीत दिसतं. विकायला काढल्यावर बँक दाखला मागते.

म्हणून घरपट्टीची पावती किंवा वीजबिल हे कम्प्लिशनचं उत्तर समजू नका. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते, शास्तीसह लागते. विक्रेत्याकडून मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला मागा. नाही म्हणाला तर महापालिकेच्या नगररचना विभागात मालकाच्याच अर्जाने प्रमाणित नक्कल काढायला लावा. तेही जमलं नाही तर माहिती अधिकार आहे, उत्तराची मुदत ३० दिवस. मग नकाशा हातात घेऊन घरात फिरा. बाल्कनी खोलीत घेतलेली, गच्चीवर पत्रा टाकलेला, बाजूच्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघर सरकवलेलं, हे सगळं उघड दिसतं. तुम्ही नूतनीकरणात त्याच भिंतीवर टाइल्स लावणार आहात, तेव्हा ती भिंत नकाशात आहे का हे आधी कळलेलं बरं.

सिडकोत आणखी एक थर आहे. मूळ घरं सिडकोने भाडेपट्ट्यावर दिलेली. मूळ लाभार्थ्यापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक हस्तांतराचा सिडकोचा आदेश फाईलमध्ये हवा. मधला एखादा व्यवहार नोटरीवर उरकलेला असेल तर साखळी तिथे तुटली. ती जोडण्याचं शुल्क आणि वेळ विक्रेत्याच्या माथी, हे इसार पावतीतच लिहून घ्या. मूळच्या एका खोलीवर चढवलेले मजले तर सिडकोत घरोघर आहेत. तिथेही प्रश्न तोच, परवानगीचा.

देवळाली कॅम्पचे जुने बंगले पाहताना मन भुलतं. प्रशस्त व्हरांडे, चिंचेची झाडं. पण छावणी हद्दीत सातबारा चालत नाही, तिथे जनरल लँड रजिस्टर असतं. ‘ओल्ड ग्रँट’ अशी नोंद असेल तर जमीन सरकारची आणि तुमचं फक्त बांधकाम. हस्तांतरापासून दुरुस्तीपर्यंत परवानगीचा मार्ग वेगळा आणि संथ. झटपट विक्री हे ज्याचं गणित आहे त्याने इथे हात घालू नये.

जुन्या नाशकातले वाडे हा स्वतंत्र विषय आहे. सागवानी खांब, दगडी जोतं, भाव कमी. पण आत एक भाडेकरू महिना शंभर-दीडशे रुपये भाड्यावर राहत असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि मालक बदलल्याने ते जात नाही. घर पाहायला संध्याकाळी जा, प्रत्येक खोलीत कोण राहतं ते स्वतः विचारा. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तुमच्या वाड्याला मिळाली आहे का, हे विभागीय कार्यालयात कळतं.

गोदाकाठी पूररेषा पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नका. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर नाशिकमध्ये पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला, ४ ऑगस्ट २०१९ ला पाणी पुन्हा चढलं. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती कितपत बुडाला यावरून नाशिककर पूर मोजतो, कागदावर मात्र निळी आणि लाल रेषा मोजतात. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला परवानगी नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर आहे. नासर्डी आणि वाघाडीकाठच्या मिळकतींसाठीही हे तपासा. नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घेतला की २०१७ च्या विकास आराखड्यातलं आरक्षण, रस्तारुंदी आणि पूररेषा एकदम दिसतात. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर असताना तपोवन परिसरात हे आणखी महत्त्वाचं आहे. तिथे साधुग्रामचं आरक्षण आहे.

दस्त करताना आणि नंतर

मुद्रांक शुल्क ठरलेल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरतक्त्याच्या, मूल्यावर, दोन्हींत जे जास्त त्यावर लागतं. १ एप्रिल २०२५ पासून नाशिक महापालिका क्षेत्रात रेकनरचे दर सरासरी ७.३१ टक्क्यांनी वाढले. मोडकळीला आलेलं घर स्वस्तात मिळतं तेव्हाच हा फटका बसतो. रेकनरच्या तक्त्यात बांधकामाच्या वयानुसार घसारा असतो. दुय्यम निबंधकांकडे मूल्यांकन करून घेताना इमारतीच्या वयाचा पुरावा द्या, आकडा खाली येतो. रेकनरचं मूल्य तुमच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर फरकावर तुम्हाला आणि विक्रेत्यालाही प्राप्तिकर लागू शकतो.

खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर निवासी घराला मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, आपल्या उदाहरणात ४० हजार. पूर्वी असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नसे. ही अट २०२३ मध्ये निघाली. म्हणजे आता पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घेऊन विकणाऱ्यालाही ही सवलत खुली आहे, मात्र मग विक्रीचे पैसेही तिचेच.

सोसायटी असेल तर ना-देय दाखला आणि भागपत्र घ्या. महापालिका क्षेत्रात हस्तांतर प्रीमियम कमाल २५ हजार, त्यापेक्षा जास्त ‘देणगी’ मागितली तर देऊ नका. नाशिकमध्ये पुष्कळ इमारती सोसायट्या नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची अपार्टमेंट आहेत. तिथे घोषणापत्र आणि विक्रेत्याच्या नावाचं अपार्टमेंट डीड, दोन्ही नोंदणी झालेले लागतात.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराचं काम. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर ही मर्यादा लागूच नाही आणि दरही बराच जास्त असतो. तो न कापल्यास कर तुमच्याकडून वसूल होतो. तुम्ही २४ महिन्यांच्या आत विकलंत तर नफा अल्पकालीन, तुमच्या उत्पन्नात मिळून स्लॅबप्रमाणे कर. वारंवार हेच करत असाल तर तो धंद्याचा नफा धरला जाऊ शकतो. मिस्त्रीला, प्लंबरला दिलेला प्रत्येक पैसा खात्यातून जाऊ द्या, बिलं घ्या. रोखीचं, बिलाविना केलेलं नूतनीकरण नफ्यातून वजा करून घेणं अवघड जातं.

खरेदीखत झाल्यावर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस असतात. ‘आपली चावडी’वर ती दिसते. मिळकत पत्रिकेवर, घरपट्टीवर, नळपट्टीवर आणि महावितरणच्या बिलावर तुमचं नाव येईपर्यंत पाठपुरावा करा. काम सुरू असताना हे समांतर चालू शकतं. गवंडी भिंत फोडत असताना तुम्ही विभागीय कार्यालयात अर्ज देऊन या. रंगाचा शेवटचा हात सुकेल तेव्हा मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, तीस वर्षांचा शोध अहवाल, बहिणींची हक्कसोडपत्रं आणि तुमच्या नावाची ताजी मिळकत पत्रिका एका फाईलमध्ये लावून ठेवा. घर बघायला येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाईकाच्या हातात चहाआधी तिची एक झेरॉक्स द्या.